सोळा ग्रॅम

माझ्या शिडांच्या माळ्यावर आता एकच शीड उरलंय,
तेही पैसे न दिलेल्या गिऱ्हाइकाचं.
चाळीस वर्षं इथे कापड पसरलं,
गुडघ्यांवर रांगत शिवलं,
वाडन समुद्रावरच्या वाऱ्याची मापं घेतली.
हल्ली हार्लिंगनच्या स्टेशनावरून रिन्स्के येते,
सायकलच्या टोपलीत बिस्किटांचा डबा,
डब्यात कापसावर निजलेले चार पंख.

"हिल्के, एवढे नीट कापून द्या.
प्रयोगशाळेत सगळ्यांचे हात थरथरतात,
तुमचे नाहीत."
(थरथरतात. मी तिला सांगत नाही.
मेजाला कोपर टेकवलं की भागतं.)

फिल्म अशी पातळ
की नुसता उसासा टाकला तरी उठून बसते.
तिच्यावर केसांएवढ्या कार्बनच्या काड्या.
मोटर, बॅटरी, पंख, शेपटी, सगळं धरून
सोळा ग्रॅम.
डॉक्टरांनी बंद केलेली माझी रोजची साखर
याहून जड होती.

पंख सेकंदाला अठरा वेळा मिटतात नि उघडतात.
मिटताना पाठीवर भिडतात : टाळी.
टाळी उकलते, त्या फटीत हवा धावत शिरते,
आणि पंखाच्या पुढच्या कडेवर
एक भोवरा चिकटून बसतो.
तोच उचलतो, रिन्स्के म्हणते.
एका हातानं टाळी वाजत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.
टाळीवर कुणी उडतं, हे नव्हतं.

घोडं अडलंय ते वेगळ्याच जागी.
उभं राहून तरंगतं, नाक छताकडे : उत्तम.
आडवं होऊन उडतं, नाक खिडकीकडे : तेही उत्तम.
पण उभ्याचं आडवं होताना
पंचेचाळीस अंशांच्या आसपास कुठेतरी
धड चिलट नाही, धड पाखरू नाही,
भोवरा सुटतो, शेपटी बावरते,
आणि सोळा ग्रॅम शाळेच्या हॉलच्या फरशीवर
पेन्सिल पडावी एवढाच आवाज करतात.

अकरा वेळा बघितलं.
बाराव्या वेळी म्हणालो, कापड फार ताठ आहे तुमचं.

प्राध्यापक टेर्प्स्ट्रा हसले नाहीत. वही उघडली.
मला बोलावं लागलं.
म्हणालो, बोट वाऱ्यातून वळवताना
शीड या कुशीवरून त्या कुशीवर जातं.
मध्ये एक क्षण ते कुणाचंच नसतं,
नुसतं फडफडतं.
नवशिके तिथे घाबरून सुकाणू आवळतात
आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून ठाण मांडते,
अडेल बैलासारखी.
त्या क्षणी नवी ओढ मिळत नसते.
असते ती फक्त आधीची जमा.
म्हणून वेग घेऊन आत शिरायचं,
आणि कापडात थोडा झोळ ठेवायचा,
म्हणजे पलीकडचा वारा त्याला लगेच सापडतो.

"किती झोळ?" टेर्प्स्ट्रांनी विचारलं. "मिलिमीटरमध्ये?"
मी अंगठा पुढे केला. नखाच्या अर्ध्याएवढा.
त्यांनी माझं नख मोजलं.

बुधवारी, बॅडमिंटनची जाळी सोडलेल्या हॉलमध्ये
ते उठलं, भिंतीवरच्या घड्याळापाशी तरंगत राहिलं,
घड्याळ पाच मिनिटं मागे होतं.
रिन्स्केनं बटण दाबलं.
झुकलं.
डळमळलं, मी खुर्चीचा दांडा धरला,
झोळ या कुशीवरून त्या कुशीवर पडला, खस्स,
आणि ते आडवं होऊन निघालं,
बास्केटबॉलच्या कड्याखालून,
स्वतःच टाळ्या वाजवत.

सातपैकी चारदा.
उरलेल्या तीनदा पडलं.
टेर्प्स्ट्रांनी पडणंही तितक्याच नीट अक्षरात लिहिलं.

स्टेशनापर्यंत रिन्स्के सायकल हातात धरून चालली.
"माळा विकायचं काय ठरलं?"
कागद मार्चपासून मेजावर पडलेत, सहीची जागा कोरी.
झुकलोय, म्हटलं.
"किती अंश?"
गाडीनं शिट्टी दिली, बरं झालं.
डबा तिच्या हातात ठेवला.
उद्या परत आण, म्हटलं,
डावा पंख मुळाशी जरासा रुंद राहिलाय.